वाक्याचं कोंदण

लेखात आवाज बसवायचा असेल, तर सगळ्यांत जपून लिहावं लागतं ते त्याच्या आधीचं वाक्य. ‘हे ऐका’ एवढंच लिहून खाली ध्वनिफितीची पट्टी लावली, तर बहुतेक वाचक ती न लावताच पुढे जातात. जे लावतात, त्यांनाही कान कशावर ठेवायचा ते उमगत नाही. पण ‘या आजी दोनदा “काऊन?” (का?) म्हणतात, पहिल्यांदा नातवावर रागावून आणि दुसऱ्यांदा त्याच्या काळजीनं’ असं लिहिलं, की वाचकाचं बोट आपोआप पट्टीकडे जातं. सोनार खड्याच्या मापानं कोंदण घडवतो, तसं हे वाक्य घडवावं लागतं. माझ्या लिहिण्यातला बराचसा वेळ अलीकडे याच कामात जातो, आणि त्यात मला जे गवसलं ते इतर लिहिणाऱ्यांपुढे ठेवावंसं वाटतं.

मी वाशीम जिल्ह्याबद्दल लिहिते. इथली गावं, देवळं, पोथ्या, रेल्वे, बोली हे माझे विषय. लिखाण इंटरनेटवर असल्यामुळे कागदावर जे जमत नाही ते करून पाहता येतं. मजकुराच्या मधोमध आवाज ठेवता येतो, बोटानं सरकवता येणारा नकाशा ठेवता येतो, चालती आगगाडी दाखवता येते. यालाच आपण सगळे ‘एम्बेड करणं’ म्हणतो. यामागचं तंत्र अगदी साधं आहे. वस्तू दुसरीकडे असते. आपण मजकुरात तिचा पत्ता लिहायचा, आणि वाचकाच्या फोननं तो पत्ता शोधून वस्तू आणून दाखवायची. फेब्रुवारी १९९३ मध्ये मार्क अँड्रीसन यांनी मजकुरात चित्र दाखवण्यासाठी एक छोटी खूण सुचवली, तेव्हापासून तत्त्व तेच आहे. २००५ मध्ये यूट्यूब आलं आणि चित्रफितीही याच रीतीनं कुणाच्याही मजकुरात दिसू लागल्या. ऑक्टोबर २०१४ मध्ये एचटीएमएल ५ ला अधिकृत मान्यता मिळाली, आणि आवाज व चित्रफीत यांच्यासाठी स्वतंत्र खुणा प्रमाण ठरल्या. लिहिणाऱ्याला यातलं फारसं काही यावं लागत नाही. तयार कोडच्या दोन ओळी उचलून हव्या तिथं टाकल्या की झालं. इतकं सोपं असल्यामुळेच कुठं थांबायचं हे स्वतः ठरवावं लागतं.

माझी पहिली ओढ आवाजाकडे होती, आणि तिचं कारण वऱ्हाडी बोली. आमच्याकडे डोळ्याचा डोया होतो, काळ्याचा काया, शाळेची शाया. मला-तुलाचं मले-तुले होतं. हे सगळं देवनागरीत लिहिता येतं. बोलण्याचा हेल मात्र लिहिता येत नाही. वाक्याच्या शेवटी स्वर कुठं लांबतो, प्रश्न विचारताना आवाज कुठं चढतो, लाडानं रागावताना शब्द कसा तोडला जातो, यासाठी आपल्याकडे अक्षरं नाहीत. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाचा मराठीवरचा सातवा खंड १९०५ मध्ये निघाला. ठिकठिकाणच्या बोलींत बायबलमधली उधळ्या मुलाची गोष्ट लिहून घ्यायची, ही त्या सर्वेक्षणाची रीत होती, आणि त्या खंडात वऱ्हाडीचेही नमुने आहेत. अक्षरांना जेवढं टिपता येतं तेवढं त्यांनी टिपलं. तो खंड वाचताना मला सारखं वाटतं, की हे बोलणारा माणूस ऐकायला मिळायला हवा होता. आज माझ्या हातातल्या साध्या फोनमध्ये ती सोय आहे.

ध्वनिमुद्रणाचं काम मी घरातल्या घरात शिकले. पंखा बंद करायचा, खिडकी लावायची, भिंतीवर आणि दारावर गोधड्या टाकायच्या. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो. गोधडी तो घुमारा शोषून घेते. फोन बोलणाऱ्याच्या तोंडासमोर न धरता किंचित बाजूला, वीतभर अंतरावर ठेवायचा, म्हणजे श्वासाचा फुत्कार त्यावर आदळत नाही. बोलणं सुरू होण्याआधी काही क्षण नुसती शांतता मुद्रित करून घ्यायची, कारण पुढं काटछाट करताना जोडाच्या जागी तीच उपयोगी पडते. ऑक्टोबरमध्ये सोयाबीन काढणीच्या दिवसांत गावात दिवसभर मळणीयंत्रांची घरघर असते, तेव्हा पहाटेची वेळ धरायची. काटछाटीसाठी ऑडॅसिटी हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर पुरतं. मागचा आवाज पुसून काढण्याची सोय त्यात आहे, पण मी ती बेतानंच वापरते. फार पुसलं की माणसाचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो आणि अंगणातली चिमणीही निघून जाते. बोलणारी बाई अंगणात बसली आहे, हे त्या चिमणीमुळेच कळत असतं.

मुद्रण कितीही लांब असो, लेखात मी थोडंच घेते. वाचणाऱ्याचा वेग त्याच्या हातात असतो; ऐकणाऱ्याला बोलणाऱ्याच्या वेगानंच चालावं लागतं. वाचता वाचता ऐकायला थांबलेला माणूस मिनिटभर थांबतो, फार तर दीड मिनिट. म्हणून पूर्ण मुद्रण वेगळं ठेवायचं, आणि लेखात फक्त तो तुकडा बसवायचा ज्यासाठी अक्षरं अपुरी आहेत. आजीनं सांगितलेली गोष्ट मी शब्दांत लिहिते. गोष्ट सांगताना ज्या ठिकाणी ती हसू दाबते, तेवढंच ऐकवते. जे लिहून पोचतं ते लिहावं आणि जे ऐकूनच पोचतं तेवढंच ऐकवावं, अशी वाटणी एकदा जमली की मजकूर आणि आवाज एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. खाली मी त्या तुकड्याची संहिताही देते, वऱ्हाडीत, जशीच्या तशी. ज्यांना ऐकू येत नाही, ज्यांच्याकडे इयरफोन नाही, जे बसमध्ये उभे आहेत, त्यांचाही त्या तुकड्यावर तेवढाच हक्क आहे. चित्रांचंही तसंच. अंध वाचकाचा फोन चित्रामागचं वर्णन मोठ्यानं वाचून दाखवतो. ते वर्णन लिहिलेलंच नसेल, तर त्याला बरेचदा नुसतं फाइलचं नाव ऐकू येतं. वाशीमच्या पद्मतीर्थ तळ्याचं चित्र असेल, तर ‘पद्मतीर्थाचा फोटो’ एवढं लिहून भागत नाही. पाणी किती आहे, पायऱ्या कुठल्या बाजूला आहेत, काठावर कोण बसलं आहे, हे सांगावं लागतं. या वर्णनांमुळे माझी स्वतःची नजर चांगली झाली. डोळ्यांनी पाहिलेलं शब्दांत उतरवल्यावर आधी सुटलेल्या गोष्टी दिसू लागतात.

आवाजाला वजन असतं, आणि ते वाचकाच्या खिशातून जातं. देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं. तरीही अडीच हजार शब्दांचा मराठी लेख पन्नास किलोबाइटच्या आसपास मावतो. एक मिनिटाचा आवाज ६४ केबीपीएसनं साठवला, तर तो ४८० किलोबाइटचा होतो. म्हणजे एका मिनिटाच्या बोलण्यात असे नऊ-दहा लेख बसतील. नुसत्या बोलण्यासाठी ३२ केबीपीएसही पुरतं. मग वजन निम्मं होतं आणि बोलीतला एकही हेल हरवत नाही. गाण्यासाठी मात्र एवढी काटकसर चालत नाही. चित्रफितीची खिडकी तर न लावताही जड असते, कारण ती दिसावी म्हणून मागून बरंच काही उतरवून घेतलं जातं. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला हे खरं, पण मानोरा तालुक्यातल्या एखाद्या तांड्यावर किंवा मालेगावच्या पुढे रस्ता उतरला की फोनवरच्या रेघा कमी होतात, आणि माझे काही वाचक नेमके तिथंच आहेत. त्यांच्यासाठी मी खिडकीच्या जागी आधी एक हलकं स्थिरचित्र ठेवते आणि शेजारी लिहिते, किती मिनिटांची फीत आहे आणि उतरायला किती जड आहे. बोट लावलं तरच खरी खिडकी उघडते. आपोआप वाजणारी कुठलीही गोष्ट मी ठेवत नाही. वाचक घरात निजलेल्या लेकराशेजारी वाचत असेल, हे धरूनच लिहायचं असतं.

नकाशानं मला काळाचा विचार करायला लावला. आमचा जिल्हा नकाशावर दोनदा जन्मलेला आहे. इंग्रजांच्या काळात बासीम नावाचा वेगळा जिल्हा होता. १९०५ मध्ये वऱ्हाडच्या जिल्ह्यांची फेरमांडणी झाली, तेव्हा तो मोडला आणि वाशीम अकोल्यात गेलं. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा होऊन वाशीम जिल्हा पुन्हा झाला: वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा या सहा तालुक्यांचा. अशा जिल्ह्याच्या जुन्या वाटांवर लिहिताना मजकुरात जिवंत नकाशा बसवला, तर तो आजचा दिवस दाखवतो. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. तो कारंजा आणि शेलूबाजारजवळून जातो. त्याआधी लिहिलेल्या लेखातल्या जिवंत नकाशावरही तो रस्ता आता ठळक दिसतो, आणि मजकूर मात्र बैलगाडीच्या वाटेबद्दल बोलत असतो. वाचकाला वाटतं, लिहिणारीनं एवढा मोठा रस्ता पाहिलाच नाही.

म्हणून मी नकाशाचे दोन प्रकार वेगळे केले. जिथं वाचकाला प्रत्यक्ष जायचं आहे, उदाहरणार्थ शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या देवळाला, तिथं जिवंत नकाशा हवा. रस्ते बदलले की तोही बदलला पाहिजे. जिथं गेलेला काळ दाखवायचा आहे, तिथं हातानं काढलेला स्थिर नकाशा हवा आणि त्यावर साल लिहिलेलं हवं. २००४ मध्ये सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅपवर कुणालाही आपल्या गावाची भर घालता येते. आमच्या भागातले पांदण रस्ते, ओढे, आठवडी बाजाराच्या जागा तिथं भरताना मला माझा जिल्हा नव्यानं कळला. नकाशा मजकुरात आणून बसवण्यापेक्षा तो आधी भरण्यात जास्त काम आहे, आणि ते काम त्याच मातीतल्या माणसानं करायचं असतं.

विजेटांची गोष्टही वेळेशीच जोडलेली आहे. तापमान दाखवणारी चौकट, सोयाबीनचा आजचा भाव, घड्याळ, किती लोकांनी वाचलं ते मोजणारा आकडा, अशा तयार चौकटी मी निरनिराळ्या लेखांशेजारी लावून पाहिल्या. मे महिन्याच्या उन्हावरचा लेख कुणी जुलैत उघडला की शेजारची चौकट पावसाळी हवेचा आकडा दाखवते आणि लेखातली तगमग विरून जाते. भावाची चौकट शेतीच्या हिशेबावरच्या लेखाशेजारी शोभते, कारण वाचक स्वतःचा हिशेब आजच्या भावानं मांडून पाहतो. तिथं बदलता आकडा हा लेखाचाच भाग होतो. त्यावरून मला कसोटी मिळाली: चौकटीतला आकडा बदलल्यानं लेखाचं म्हणणं अधिक खरं होत असेल तरच चौकट ठेवावी. वाचक मोजणारा आकडा या कसोटीला उतरत नाही. शिवाय फुकट मिळणाऱ्या अशा चौकटींपैकी अनेक वाचकाच्या येण्याजाण्याची नोंद तिसऱ्याच कुणाकडे पोचवतात. माझ्या लेखावर विश्वासानं आलेल्या माणसाची खबर मी दुसऱ्याला देऊ नये, असं मला ठामपणे वाटतं.

चित्रफितीच्या बाबतीत आमच्या जिल्ह्यानं मला एक उत्तम विषय दिला: शकुंतला. मूर्तिजापूर ते यवतमाळ ही ११३ किलोमीटरची अडीच फुटी रुळांची नॅरोगेज रेल्वे कारंजावरून जायची. मँचेस्टरमध्ये १९२१ साली बनलेलं वाफेचं इंजिन ती ओढायचं. १९९४ मध्ये त्याची जागा डिझेल इंजिनानं घेतली. आता ती गाडी बंद आहे. रेल्वेच्या छंदापायी लांबून येऊन लोकांनी तिच्या फिती काढून ठेवल्या, म्हणून आज ती पाहता येते. अशी फीत लेखात बसवताना ती कुठल्या सेकंदापासून सुरू व्हावी हे कोडमध्ये सांगता येतं, आणि या छोट्या सोयीला मी फार मानते. लांबलचक फितीतला जो क्षण माझ्या वाक्याला हवा आहे, त्याच क्षणी वाचक पोचतो. मी लिहिलेलं असतं, ‘रुळांमधलं गवत पाहा आणि गाडी येते तेव्हा बाजूचा माणूस किती सावकाश बाजूला होतो ते पाहा.’ वाचक ते पाहतो आणि गाडीचा वेग आकड्याशिवाय त्याच्या अंगात उतरतो.

पण दुसऱ्याकडची वस्तू दुसऱ्याकडेच असते. अॅडोबीनं ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशला निरोप दिला, आणि त्या तंत्रावर बनलेली असंख्य हलती चित्रं, खेळ आणि ध्वनिपट्ट्या जगभरच्या मजकुरांतून एकदम मुक्या झाल्या. २९ जून २०२० रोजी भारत सरकारनं टिकटॉकसह ५९ अॅपवर बंदी घातली, तेव्हा गावोगावच्या कलावंतांच्या फिती जिथं जिथं बसवल्या होत्या तिथं तिथं पांढऱ्या चौकटी उरल्या. ऑर्कुट २०१४ मध्ये गेलं, गूगल प्लस २०१९ मध्ये. याला कुणा एकाचा दोष म्हणता येत नाही. पत्त्यावर उभ्या राहिलेल्या गोष्टींचा स्वभावच तो आहे. टेड नेल्सन यांनी कितीतरी आधी अशा लेखनाचं स्वप्न पाहिलं होतं, ज्यात उसना घेतलेला प्रत्येक तुकडा आपल्या मुळाशी कायमचा जोडलेला राहील. मूळच नाहीसं झालं तर काय, हा प्रश्न मात्र आपल्याला रोजच्या कामात सोडवावा लागतो.

त्याचं उत्तर मला आमच्याच गावाच्या इतिहासात सापडलं. वाशीम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. ही शाखा होती हे पक्कं कळलं ते १९३९ मध्ये वाशीमला मिळालेल्या दुसऱ्या विंध्यशक्तीच्या ताम्रपटामुळे. या शाखेचा संस्थापक राजा सर्वसेन चौथ्या शतकातला. तो कवी होता. श्रीकृष्णानं सत्यभामेसाठी पारिजात आणला त्या कथेवर त्यानं ‘हरिविजय’ हे काव्य महाराष्ट्री प्राकृतात रचलं. त्या काव्याची पोथी आज कुठंही नाही. तरीही त्यातल्या गाथा आपल्याला ठाऊक आहेत, कारण दूरदूरच्या अभ्यासकांनी त्या आपापल्या ग्रंथांत बसवून घेतल्या. नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धनानं ‘ध्वन्यालोका’त हरिविजयाचा दाखला दिला. अकराव्या शतकात माळव्यात भोजानं त्याची पुष्कळ अवतरणं घेतली. बाराव्या शतकात गुजरातेत हेमचंद्रानं ते काव्य उल्लेखिलं. आधुनिक काळात प्राकृताचे अभ्यासक वा. म. कुलकर्णी यांनी भोजाच्या ग्रंथांतली अशी अवतरणं शोधून त्यांवर लिहिलं.

मी हे वारंवार मनात घोळवते. भोजानं फक्त ‘पाहा, हरिविजय’ असं लिहून पत्ता दिला असता, तर आपल्या हाती काही आलं नसतं. त्यानं गाथा उतरवून घेतली. तेवढंच नव्हे, ती कशाचं उदाहरण म्हणून घेतली हेही सांगितलं. उतरवलेला तुकडा आणि तो का घेतला याचं कारण, या दोहोंमुळे वत्सगुल्मच्या राजाची कविता टिकली. राजशेखराच्या ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न लागतं ते याच वत्सगुल्मात. कविता आणि तिचं विवेचन यांची गाठ आमच्या गावात बांधली गेली, ही कल्पना मला माझ्या कामासाठी वडीलधाऱ्यांच्या आशीर्वादासारखी वाटते.

त्यातून माझी रीत ठरली. मी स्वतः मुद्रित केलेल्या प्रत्येक आवाजाची मूळ प्रत माझ्याकडे असते. बाहेरच्या सेवेवर ठेवलेली प्रत ही केवळ सोय. इतरांची वस्तू बसवायची असेल, तर ज्यांनी प्रत ठेवायला परवानगी दिली आहे त्यांना आधी पसंती देते. विकिमीडिया कॉमन्सवर असं पुष्कळ आहे. तशी परवानगी नसेल तर वस्तू तिच्या जागी राहू देते, पण तिच्यात काय दिसतं, कुणी काढली, कधीची आहे, हे माझ्या शब्दांत पुरतं लिहून ठेवते. उद्या चौकट पांढरी झाली, तरी परिच्छेद आपलं म्हणणं पूर्ण करू शकला पाहिजे.

आवाजाच्या मालकीचा प्रश्न पोहरादेवीला गेल्यावर सगळ्यांत तीव्रतेनं उभा राहतो. मानोरा तालुक्यातलं हे गाव म्हणजे बंजारा समाजाचं मोठं श्रद्धास्थान. संत सेवालाल महाराजांची समाधी इथं आहे, रामनवमीला दूरदूरच्या राज्यांतून लोक येतात. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी इथं नंगारा वास्तुसंग्रहालयाचं उद्घाटन झालं. बंजारांच्या गोरमाटी बोलीला स्वतःची लिपी नाही. ती कंठातून कंठात गेली. होळीच्या लेंगी गीतांवर लिहिताना त्यातला सूर ऐकवावा असं कुणालाही वाटेल, आणि ऐकवायलाच हवा. पण गाणारी बाई तिच्या तांड्यासाठी गात असते. तिचा आवाज मुंबईतल्या, लंडनमधल्या अनोळखी कानांवर पडणार आहे, हे तिला कळलं पाहिजे आणि पटलं पाहिजे. मी आधी बसून तिच्याच फोनवर दाखवते की मजकूर कसा दिसेल, तिचं नाव कुठं येईल, कुणाकुणाला ऐकता येईल. मग विचारते. तिनं नाही म्हटलं तर विषय तिथंच संपतो. हो म्हटलं तरी पुढं कधी मन बदललं तर आवाज काढून टाकीन, असा शब्द देते. मूळ प्रत माझ्याकडे असण्याचा हाही उपयोग आहे: दिलेला शब्द पाळणं माझ्या हातात राहतं.

या बाबतीत महाराष्ट्रासमोर एक थोर उदाहरण आहे. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या बायकांच्या साथीनं जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. आता त्या ‘परी’ या संस्थेमार्फत लोकांपुढे येत आहेत. तिथं ओवीबरोबर गाणारीचं नाव असतं, गाव असतं, ओवीचे शब्द असतात आणि जिथं ध्वनिफीत किंवा चित्रफीत आहे तिथं तीही असते. नाव, गाव, शब्द, सूर ही चौकडी एकत्र असली की ओवी कुणाच्याही हातात गेली तरी निराधार होत नाही. मी माझ्या प्रत्येक मुद्रणाला हीच चौकडी आणि सोबत तारीख जोडते, आणि फाइलच्या नावातही ती येईल असं पाहते.

मांडणीचा धडा मात्र कारंज्याच्या पोथ्यांनी दिला. कारंजा लाडची जैन ग्रंथभांडारं संशोधकांना पूर्वीपासून ठाऊक आहेत. तिथल्या हस्तलिखितांमुळे अपभ्रंश साहित्याचं मोठं दालन उघडलं, आणि १९३० च्या दशकात कारंजा जैन ग्रंथमालेतून पुष्पदंताची ‘जसहरचरिउ’, ‘णायकुमारचरिउ’ ही काव्यं संपादित होऊन निघाली. जैन पोथ्यांत लेखनिकांची एक सुंदर रीत दिसते. मूळ मजकूर मधे मोठ्या अक्षरात आणि टीका वरखाली बारीक अक्षरात, तो त्रिपाठ. चारी बाजूंनी टीका असेल तर पंचपाठ. पान उघडताच मूळ कुठलं आणि जोड कुठली हे नजरेला कळतं. जोड कितीही मोठी असली तरी मधली जागा मुळाचीच. फोनच्या अरुंद पडद्यावर चारी बाजू मिळत नाहीत, पण क्रम आणि आकार सांभाळता येतो. माझा मजकूर मधल्या जागेचा धनी. आवाजाची पट्टी बारीक, मजकुराच्या रुंदीइतकी. चित्रफीत परिच्छेदाच्या शेवटी, वाक्याच्या पोटात कधीच नाही. लागोपाठ दोन चौकटी येऊ द्यायच्या नाहीत. मधे निदान एक परिच्छेद हवा, म्हणजे वाचक पुन्हा वाचनाच्या लयीत येतो.

लेख पूर्ण झाला की मी फोनचं इंटरनेट बंद करून तो वाचते. सगळ्या चौकटी रिकाम्या होतात. त्या वाचनात जिथं अर्थ अडखळतो, तिथं मी माझं काम वस्तूवर ढकललं आहे हे कळतं, आणि तो परिच्छेद नव्यानं लिहायला घेते. मग इंटरनेट सुरू करून पुन्हा वाचते. आता एखादी चौकट उघडूनही कळण्यात काहीच भर पडत नसेल, तर ती चौकट निघते. या दोन वाचनांतून जे तरतं, ते टिकाऊ असतं असा माझा अनुभव आहे.

जिल्ह्यातली तरुण मुलंमुली आता सहज फिती काढतात, जोडतात, पाठवतात. त्यांच्या हातातलं कसब पाहून मला अभिमान वाटतो, आणि त्यांना एक विनंती करावीशी वाटते. तुमच्या घरात वऱ्हाडी किंवा गोरमाटी बोलणारं जे सगळ्यांत जुनं माणूस आहे, त्याच्याजवळ बसा. त्याच्या संमतीनं त्याचं बोलणं मुद्रित करा. नाव, गाव, तारीख लिहा. काय बोलणं झालं ते तुमच्या बोलीतच उतरवून काढा. मूळ फाइल फोनमध्ये, संगणकात आणि घराबाहेरच्या एखाद्या विश्वासाच्या माणसाकडे अशा तीन ठिकाणी ठेवा. मग ती कुठं दाखवायची, कशी सजवायची, हे पुढं निवांत ठरवता येईल. त्यासाठीची साधनं बदलतच राहणार आहेत. सर्वसेनाच्या गाथा उतरवून घ्यायला काश्मीर, माळवा आणि गुजरात धावून आले. आपल्या आज्यांचं बोलणं उतरवून घेण्याचं काम आपल्या घरातच करता येण्यासारखं आहे, आणि ते आपणच केलं पाहिजे.